तिघांतला पैलवान

तिळ्यांची तपासणी असली की मी पुढची एक अपॉइंटमेंट रिकामी ठेवते. तीन बाळं म्हणजे तिप्पट वेळ, इतका सरळ हिशेब इथे चालत नाही. एकाला उघडं करावं तर दुसरं भुकेने रडायला लागतं, तिसऱ्याला नेमकी तेव्हाच झोप लागते, आणि झोपलेल्या बाळाच्या हालचाली कशा बघणार? शिवाय सोबतची माणसं तिघांबद्दल एकदम बोलत असतात. उलटी कोणाला झाली आणि लस कोणाची राहिली, हे नीट लावून घेण्यातच निम्मा वेळ जातो.

या आईने तीन वह्या केल्या होत्या. दूध, शी-शू, औषधं, सगळं बाळागणिक वेगळं. लोहाच्या थेंबांच्या बाटल्याही तीन, आणि प्रत्येकीच्या झाकणावर पट्टी चिकटवून डोस लिहिलेला. कमी दिवसांच्या बाळाला लोह साधारण किलोमागे रोज २ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, म्हणून वजन वेगळं तर डोस वेगळा. रात्रीच्या झोपेचं खोबरं झालेलं असताना हे सांभाळणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

तिघं ३१व्या आठवड्यात जन्मलेली. दोन मुली, मधला मुलगा. थोरली १४८० ग्रॅम, मुलगा १६४०, धाकटी जेमतेम ११२०. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मुलगा सगळ्यांत आधी ऊब देणाऱ्या पेटीतून बाहेर आला, ऑक्सिजनही त्याचाच पहिल्यांदा सुटला. घरात त्याला सगळे पैलवान म्हणायचे. धाकटीचं मात्र सगळंच अवघड गेलं होतं. तिला आई, बाबा आणि आजी आळीपाळीने छातीशी धरून बसत. १९७८मध्ये बोगोटामध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी सुरू केलेली ही कांगारू पद्धत. आता पेट्या मुबलक असलेल्या ठिकाणीही ती करायला सांगतात, आणि तिळ्यांच्या घरात एका आईच्या छातीवर भागत नाही हे उघडच आहे.

आत आल्या आल्या आजींनी तक्रार मांडली. "डॉक्टर, सात महिने झाले. एकही बसत नाही. शेजारचं सहा महिन्यांचं बसतंय."

"आजी, ही नऊ आठवडे आधी आलीत. ते दोन महिने वजा करायचे. आपल्या हिशेबाने ही पाच महिन्यांची."

"मग लस का सातव्या महिन्याच्या हिशेबाने?"

प्रश्न अगदी बरोबर होता. लस जन्मतारखेपासून मोजतात, कारण जंतू बाळाची तारीख विचारून येत नाहीत आणि अशा बाळांना संसर्गाचा धोका उलट जास्तच. मान धरणं, पालथं पडणं, बसणं मात्र मेंदू किती पिकलाय त्यावर असतं, म्हणून तिथे आधी आलेले आठवडे वजा केलेलं, म्हणजे करेक्टेड वय धरायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत. आजींना पटलं असावं. निदान त्यांनी शेजारच्या बाळाचा विषय सोडला.

धाकटीपासून सुरुवात केली, कारण सगळ्यांचा जीव तिच्यात अडकला होता. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझर करावा लागला होता. पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला गरोदरपणाचे जवळजवळ पूर्ण दिवस लागतात. बाळ आधीच बाहेर आलं की त्या मध्येच थांबतात आणि मग काही बाळांत वेड्यावाकड्या वाढतात. वेळेत सापडलं नाही तर नजर जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून अशा बाळांचे डोळे जन्मानंतर महिन्याच्या आत बघून घ्यायचे असतात. हिचे वेळेत बघितले गेले होते. मी लोकरीचा लाल गोंडा तिच्यासमोर धरला. तिने तो नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवला आणि मग दोन्ही हातांनी ओढून तोंडात घातला. मान घट्ट. डोक्याचा घेर आलेखावरच्या तिच्या रेषेला धरून. वजन कमी, पण वाढतं. खोलीतले सगळे मोकळे झाले. बाबांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

थोरलीचं लवकर आटोपलं. जन्मानंतरच्या कानांच्या पहिल्या तपासणीत ती एका बाजूला नापास झाली होती, दुसऱ्या वेळी पास. बाकी हसरी, गुटगुटीत, पालथी पडणारी.

"याचं काही नाही," पैलवानाला टेबलावर ठेवत बाबा म्हणाले. "हा एकदम ठणठणीत. फक्त डावखुरा आहे, आजोबांवर गेलाय."

मी गोंडा घेतला तो तसाच हातात राहिला. "कशावरून डावखुरा?"

"सगळं डाव्यानेच घेतो. पहिल्यापासून."

पाच महिन्यांचं बाळ डावखुरं नसतं, तसं उजवंही नसतं. या वयात दोन्ही हात सारख्याच धांदलीने पुढे यायला हवेत. एका हाताची आवड दिसायला वर्ष तरी उलटावं लागतं. त्याआधी ती दिसली तर तो हात आवडतोय असं नसतं. दुसरा चालत नसतो.

गोंडा छातीच्या बरोबर मध्ये धरला. डावा हात आला. गोंडा उजव्या खांद्याकडे नेला, अगदी उजव्या पंजाला लागेल इतका जवळ. डावा हातच छाती ओलांडून तिकडे गेला. मग चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला. डाव्याने एका झटक्यात काढला आणि खदखदून हसला. शेवटी मी त्याचा डावा हात हलकेच धरून ठेवला आणि परत रुमाल टाकला. आता उजवा हात उठला. कोपरात वाकलेला, मूठ बंद, अंगठा मुठीच्या आत. तो रुमालापर्यंत पोचला, रुमालावर घासला, पण बोटं उघडली नाहीत. पैलवान रडायला लागला.

आईच्या लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही. तिने त्याला उचललं आणि त्याच्या उजव्या मुठीतला अंगठा आपल्या बोटाने बाहेर काढून पाहिला. सोडल्यावर तो परत आत गेला.

त्याची तीन महिन्यांची तपासणी झालीच नव्हती. त्याच आठवड्यात धाकटीच्या डोळ्यांची तारीख होती, आणि तिघांना घेऊन दोनदा बाहेर पडणं झेपण्यासारखं नव्हतं. ठणठणीत बाळाची तारीख पुढे ढकलली गेली. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण तिळ्यांत हे असंच होतं: सगळी जण आपापसात तुलना करतात, आणि वजनकाट्यावर जो पहिला तो सगळ्यातच पहिला ठरतो. त्याच्या उजव्या हाताची तुलना बहिणींशी करून उपयोग नव्हता. ती त्याच्याच डाव्या हाताशी करायला हवी होती.

टाळूवरून केलेली सुरुवातीची सोनोग्राफी स्वच्छ होती. बाबा तोच कागद पुन्हा पुन्हा पुढे करत होते. त्या सोनोग्राफीत रक्तस्राव चांगला दिसतो, पण छोटा आघात, तोही नुकताच झालेला, सुटू शकतो. एमआरआय केला. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, जन्माच्या आसपास रक्तपुरवठा तुटल्याची जुनी खूण निघाली. डाव्या मेंदूची सत्ता उजव्या अंगावर, म्हणून उजवा हात.

"हे आता कळून काय करणार?" बाबांनी विचारलं. रागाने नाही, थकून.

पूर्वी याचं, म्हणजे कोवळ्या मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडण्याचं, सेरेब्रल पाल्सीचं निदान बहुधा एक ते दोन वर्षांच्या मध्ये व्हायचं. तोवर वाट बघू, सुधारेल, असं सांगायची पद्धत होती. २०१७मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की करेक्टेड सहा महिन्यांच्या आधीही हे बऱ्याच बाळांत खात्रीने ओळखता येतं. वाट बघू नका, कारण या वयात मेंदू वापराप्रमाणे आपली जोडणी बदलत असतो. न वापरलेला हात मेंदूतली आपली जागाही गमावतो. हे सगळं बाबांना सांगितलं. हात पूर्ण बरा होईल, असं मात्र म्हटलं नाही.

उपचार ऐकायला साधे आहेत. रोज थोडा वेळ चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागतं. खेळणी हलकी, धरायला सोपी, उजव्या बाजूने द्यायची. पण तीन बाळांच्या घरात 'रोज थोडा वेळ' आणायचा कुठून? आमच्या थेरपिस्टने आईला व्यायामांचा कागद देण्याआधी विचारलं, तिघं झोपतात कशी? मुलगा भिंतीकडे, म्हणाल्या आजी. उजवं अंग भिंतीला, बहिणी डावीकडे. म्हणजे दिवसभरातली सगळी गंमत डाव्या बाजूला! अर्थात भिंतीने हात बिघडला नव्हता, पण त्याला उठायला कारणही मिळत नव्हतं. जागा बदलली. बहिणी उजवीकडे आल्या. धाकटीला हाताला येईल ते ओढून तोंडात घालायची सवय होती, आणि आता बहुतेक वेळा हाताला यायची ती भावाची उजवी मूठ. ती उघडायचं काम तिने मन लावून केलं. थेरपिस्ट तिला आपली असिस्टंट म्हणायची.

करेक्टेड दीड वर्षाच्या तपासणीला तिघं आली तेव्हा पैलवान चालत आला. सोळाव्या महिन्यात पहिलं पाऊल टाकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एकट्याने चालायची मुदत साडेसतरा महिन्यांच्या थोडी पुढेपर्यंत आहे, म्हणजे तोही त्यात बसला. उजवी टाच टेकत नव्हती, म्हणून पायात आधाराचं स्प्लिंट. डाव्या हाताने रेघोट्या मारताना उजव्याने कागद दाबून धरत होता. त्या हाताने नाजूक चिमटीची कामं होतील असं मला वाटत नाही, पण मदतनीस म्हणून तो पक्का झाला आहे. धाकटीला चष्मा लागला होता, लेझर झालेल्या डोळ्यांत तो बऱ्याचदा लागतो. ती तो दर पाच मिनिटांनी काढून भावाला देत होती.

निघताना आई दारापाशी थांबली. "डॉक्टर, थोरलीचं विचारायचं राहिलं. ही दोघं बडबडतात. ती तीनच शब्द बोलते. ती शांतच आहे म्हणून मी..."

मी तिला परत बसायला सांगितलं. थोरलीच्या मागे उभी राहून हळूच हाक मारली. मग दुसऱ्या बाजूने. तिने एकदा वळून पाहिलं, एकदा नाही. पुढच्या दोन दिवसांतली कानांच्या तपासणीची वेळ घेतली, आणि आईला सांगितलं की त्या दिवशी फक्त हिला घेऊन या.