खंडेनवमीची भाषणं

खंडेनवमीला कारखाना बंद असायचा, तरी आम्ही सगळे यायचो. सकाळी यंत्रांची पूजा. लेथला हळदकुंकू, ड्रिलिंग मशिनला झेंडूची माळ, ग्राइंडरपुढे नारळ, भट्टीच्या दोन्ही अंगांना ऊस बांधलेले. प्रसादाचे चुरमुरे वाटून झाले की पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने बनवायच्या खात्यात, सतरंज्या पडायच्या आणि आमच्या वक्तृत्व मंडळाचा वार्षिक मेळावा सुरू व्हायचा.

तोच दिवस का, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ज्यांनी काम केलंय त्यांना सांगावं लागणार नाही. वर्षभर तिथं एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरत नाही. कॉम्प्रेसर चालू, साचे फोडायचा खडखडाट चालू, ग्राइंडरची किरकिर तर छातीतून जाते. मोल्डिंगची माणसं त्यामुळे खुणांनीच बोलतात, नाहीतर ओरडतात. खंडेनवमीला मात्र सगळं गप्प असायचं. पत्र्यावर बसलेलं पारव्याचं जोडपं घुमलं तरी ऐकू यायचं. त्या शांततेत आपल्या शेजारच्या खात्यातल्या माणसाचा खरा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

मंडळ सुरू केलं ते पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या साहेबांनी. पुण्यात ते टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात जायचे. बाहेरच्या गिऱ्हाइकांपुढे आमची चांगली जाणती माणसं मान खाली घालून उभी राहतात हे त्यांना बघवत नव्हतं. पहिल्या बैठकीत त्यांनी टोस्टमास्टर्सची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात सांता आना नावाचं गाव, तिथल्या वायएमसीएचं तळघर, आणि २२ ऑक्टोबर १९२४ ला राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी तिथं भरवलेली बैठक. भाषण शिकवायला गुरू नाही. सगळ्यांनी आळीपाळीनं बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं आणि ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याला सुधारायला मदत करायची, एवढीच त्याची रीत.

ती रीत आम्ही आमच्यापुरती घेतली. दर शनिवारी पहिली पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये पाऊण तास. तयारी करून आणलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं, चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलायचं ते एक ते दोन मिनिटांचं. वेळ दाखवायला तिकडे हिरवं, पिवळं, लाल असे दिवे किंवा कार्डं असतात. आमच्या इलेक्ट्रिशियनदादांनी भंगारातल्या कंट्रोल पॅनेलचे तीन दिवे काढून एका पेटीत बसवले. पाच मिनिटांना हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल. यंत्र चालू आहे की अडलंय हे ज्या दिव्यांवरून कळायचं, तेच दिवे आता माणसाला सांगायचे, अजून वेळ आहे, बोल.

‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते काय म्हणतात’ हे मोजायला टोस्टमास्टर्समध्ये एक जण नेमलेला असतो. आमच्याकडे ते काम स्टोअरमधल्या तात्यांकडे होतं. दर ‘अं’ला नट-बोल्टाचं एक वायसर ते स्टीलच्या वाटीत टाकायचे. पहिल्या दोन बैठकींतच कळलं की हे काही बरं नाही. टण्ण आवाज झाला की बोलणाऱ्याचा चेहरा उतरायचा, आणि पुढच्या वाक्यात दोन ‘अं’ जास्त यायचे. तात्यांनी कुणाला न विचारता वाटीत बनियनच्या कापडाची घडी घातली. मग वायसर पडलेलं कळायचंच नाही. भाषण संपल्यावर ते बोलणाऱ्याच्या तळहातावर ती वायसरं मोजून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘पुढच्या खेपेला एक कमी.’’ इतकंच. अमुक इतकी झाली असं मोठ्यानं त्यांनी कधीच सांगितलं नाही. आमचं मंडळ टिकलं ते त्या कापडाच्या घडीमुळे, असं मला अजून वाटतं.

माझ्या पहिल्या भाषणाला सतरा वायसरं आली.

मी खानापूरची. रोज लाल बसनं मच्छे, पिरनवाडी करत उद्यमबागेत उतरायचं, दिवसभर डिस्पॅचची चलनं लिहायची आणि संध्याकाळी परत. चारचौघांत बोलायचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याला कारण होतं. सातवीत असताना १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीच्या स्पर्धेत मी उभी राहिले होते. वडिलांनी भाषण लिहून दिलं होतं, ते तोंडपाठ होतं. ‘एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी आपल्या बेळगावातच होमरूल लीगची...’ इथवर आले आणि पुढचा शब्द गेला. समोर पोरं हसली. गुरुजी म्हणाले, ‘‘उतर खाली.’’ मी उतरले ती वीस वर्षं उतरलेलीच राहिले. घरच्या हळदीकुंकवात उखाणा घ्यायची वेळ आली तरी मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

मंडळात तीन महिने मी नुसती ऐकायला गेले. कुणी आग्रह केला नाही. मग एका शनिवारी कॅन्टीनच्या मावशी माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मी बोलणार पुढच्या शनिवारी. तू पण बोल की गे. मला सोबत.’’ मावशींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी शंभर माणसांच्या आमटीला मीठ अंदाजानं कसं घालायचं यावर चार मिनिटं भाषण केलं, आणि मी वडिलांच्या कौलांच्या भट्टीवर. खानापूरची कौलं आणि मातीची भांडी या भागात सगळ्यांना ठाऊक आहेत. वडील त्या कामावर होते. कच्च्या कौलावर पाठीमागून टिचकी मारून आवाजावरून ते सांगायचे, हे फुटणार, हे राहणार. हे सांगताना माझं बोट नकळत टेबलावर टिचकी मारत होतं. समोर बसलेले मोल्डिंगचे लोक पुढे सरकले, कारण वाळूच्या साच्याचं तेही तसंच ओळखतात. त्यांना सरकताना पाहिलं आणि मला पुढचं वाक्य आठवलं.

अभिप्राय द्यायचा नियमही ठरलेला होता. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग सुधारायची एकच गोष्ट, आणि शेवटी पुन्हा एक चांगली. नुसतं ‘छान झालं’ म्हणायला बंदी होती. काय छान झालं ते सांगावं लागायचं. त्यासाठी नीट ऐकावं लागतं. बोलायला शिकण्यापेक्षा आम्हाला ते जास्त अवघड गेलं. मला अभिप्राय दिला गोकाकच्या एका कन्नड भाषक फिटरअण्णांनी. आधी ‘‘भाळ छलो माताडिदिरि,’’ म्हणजे फार छान बोललात, असं म्हणाले, आणि मग मराठीत, ‘‘अक्का, टिचकी मारली तेव्हा थांबा थोडं. आम्हाला आवाज ऐकू दे.’’ इतका नेमका सल्ला मला आजवर दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

भाषा कुठलीही चालायची. बेळगावात याला किती अर्थ आहे ते इथलाच माणूस जाणतो. १ नोव्हेंबरला आमच्या गावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरीही निघते. आमच्यातले काही इकडे असायचे, काही तिकडे. मतं कुणी सोडली नाहीत, सोडावीत असं कुणी सुचवलंही नाही. त्यानंतरच्या शनिवारी तीच माणसं त्याच बाकावर बसून एकमेकांचे ‘अं’ मोजायची.

मेळाव्याची सुरुवात दरवर्षी एकाच माणसानं करायची, निवृत्त पॅटर्नमेकर मामांनी. विषयही दरवर्षी तोच, काँग्रेस विहीर. टिळकवाडीला काँग्रेस रोडनं जाताना ती विहीर आम्ही सगळ्यांनीच पाहिलेली. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनाला पाणी लागणार म्हणून ती खोदली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथं, बेळगावात. मामांचे आजोबा तेव्हा पोरसवदा होते, लांबून बघून आले होते. मामा हे सांगत आणि मग आवाज खाली आणून म्हणत, ‘‘हेच गांधी बॅरिस्टर होऊन आले तेव्हा मुंबईच्या कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले, आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले. फी परत केली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.’’

इथं मामा थांबायचे. दरवर्षी तेवढंच थांबायचे. नवीन आलेली पोरं सतरंजीवरून वर बघायची.

साहेबांनी एका वर्षी तारखा जुळवून दाखवल्या. स्मेडलींची सांता आनातली बैठक ऑक्टोबरातली, आणि बेळगावचं अधिवेशन त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं. मामांना याचा इतका आनंद झाला की पुढच्या मेळाव्यापासून त्यांच्या भाषणात एक मिनिट वाढलं आणि दिवा त्यांच्यासाठी लाल व्हायचा थांबला.

भाषणं पुष्कळ आठवतात. पण एक सांगतेच. मोल्डिंगच्या एका काकांचं पहिलं भाषण पाऊण मिनिटाचं झालं होतं. नाव, गाव कडोली, आणि ‘‘संपलं.’’ तिसऱ्या वर्षीच्या मेळाव्यात ते रसावर बोलले. भट्टीतला बिडाचा रस साधारण चौदाशे अंशांचा असतो, मीटर नंतर आला, त्याआधी रंगावरून कसं ओळखायचे. ओततानाची धार मध्येच तुटली तर कास्टिंगमध्ये सांधा राहतो, वरून रंग दिला तरी तो आत असतोच. ओतणाऱ्यानं म्हणून श्वास धरायचा. बोलताना त्यांचे दोन्ही हात रस ओतायच्या लॅडलचा दांडा धरल्यासारखे हवेत होते आणि हळूहळू तिरके होत होते. पॅटर्न शॉपमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. सगळ्यांनी त्यांच्याबरोबर श्वास धरला होता. हात सरळ झाले तेव्हा कुठं टाळ्या पडल्या. त्यांची बायको आणि मुलगी मागं उभ्या होत्या. मुलगी रडत होती. वडील इतकं बोलतात हे तिला ठाऊक नव्हतं.

बक्षीस म्हणून चषक वगैरे काही नसायचं. बोलणाऱ्या प्रत्येकाला पाव किलो कुंदा, आमची बेळगावची दुधाची मिठाई. जेवण मावशींच्या हातचं.

माझी पाळी सहाव्या मेळाव्याला आली. मी सातवीतलं भाषण घेतलं. कागद नव्हता, वडीलही तोवर गेले होते. कुठं अडले, पोरं कशी हसली, खाली उतरताना पायरीवर चप्पल कशी निसटली, सगळं सांगितलं. मग उभी राहिले तशीच उभी राहून म्हटलं, ‘‘एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी आपल्या बेळगावातच होमरूल लीगची मुहूर्तमेढ रोवली.’’ मुहूर्तमेढ. हाच शब्द गेला होता. पुढचं अख्खं भाषण मला येत होतं, इतकी वर्षं आत पडून होतं. हिरवा लागला, पिवळा लागला, मी बोलतच होते. लाल लागला तेव्हा शेवटचं वाक्य चालू होतं.

तात्यांनी माझ्या हातावर चार वायसरं ठेवली. ‘‘पुढच्या खेपेला एक कमी,’’ म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत मिळालेली सगळी वायसरं मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. गेल्या दिवाळीत आकाशकंदील वाऱ्यानं फार हलत होता, म्हणून नातवानं त्यातली दोन घेऊन खाली बांधली. बाकीची डब्यात आहेत.