रंग गेला पण क्रोमियम गेलं का? करवंटीच्या कोळशाचा माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला मी प्रोजेक्ट घेतला होता, करवंटीच्या कोळशाने पाण्यातलं क्रोमियम काढायचा. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमधून निघणाऱ्या पाण्यात क्रोमियम सिक्स (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) असतं, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतंच, त्यामुळे विषय मनापासून हवा होता. करवंट्या आईने गावावरून पिशवीभर पाठवल्या.

पहिला घाणा वाया गेला. मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली बंद भट्टी) 500 डिग्रीला तुकडे ठेवले पण झाकण नीट बसलं नव्हतं, हवा शिरली आणि बाहेर काढलं तर नुसती राख. दुसऱ्यांदा तुकडे फॉस्फोरिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवले (त्याने कोळशाला बारीक बारीक छिद्रं पडतात), वाळवले, झाकण घट्ट बसवलं, तासभर तापवले, तेव्हा कुठे काळाभोर कोळसा मिळाला. मग धुणं. सगळं ॲसिड जाईपर्यंत, धुतलेल्या पाण्याचा पीएच 7 च्या आसपास येईपर्यंत धुवायचं, त्यात माझे दोन दिवस गेले. ही पायरी कुणी उरकू नका, नाहीतर पुढे पीएच किती आहे तेच कळत नाही.

पाणी मी लॅबमध्येच तयार केलं, एक लिटरमध्ये 141.4 मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे 50 मिलिग्रॅम क्रोमियम. पीएच 7 ला कोळसा टाकून दोन तास शेकरवर ठेवलं तरी पाणी पिवळं ते पिवळंच, मला रडूच आलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, क्रोमियम सिक्स पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, ते ऋणभाराचं असतं, ॲसिडिक पाण्यात कोळशाच्या पृष्ठभागावर धनभार येतो तेव्हाच ते त्याला चिकटेल, पीएच 2 ला करून बघ." केलं, आणि पिवळा रंग डोळ्यादेखत फिका होत गेला! (शिसं असतं तर उलटं, ते धनभाराचं, त्याला पीएच 5 ते 6 लागतो.) डायफिनाइलकार्बाझाइड (क्रोमियम सिक्स असेल तर गुलाबी रंग देणारं रसायन) टाकलं तर गुलाबी रंगही जवळजवळ येईना, रंग मोजायच्या यंत्रावर 540 नॅनोमीटरला रीडिंग अगदी कमी. मी लगेच घरी फोन करून सांगितलं की जमलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "क्रोमियम सिक्स गेलं, पण क्रोमियम गेलं का?" ही टेस्ट फक्त सिक्सलाच रंग देते, आणि ॲसिडमध्ये कोळसा सिक्सचं क्रोमियम थ्री करतो, जे कमी विषारी असलं तरी पाण्यातच राहू शकतं आणि गुलाबी रंग दाखवत नाही. एएएसवर (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) टोटल क्रोमियम, म्हणजे सिक्स आणि थ्री मिळून, काढलं तर खरंच बरंच पाण्यात होतं. थ्री शिशासारखं धनभाराचं, म्हणून मग गाळलेल्या पाण्याचा पीएच 5 पर्यंत वाढवून ताजा कोळसा टाकला, त्याने आणखी उतरलं, पण पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 0.05 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तिथपर्यंत मी पोचले नाही, आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

हे वाचून कुणी चुलीतला कोळसा माठात टाकून पाणी शुद्ध झालं समजू नका, प्लीज. आणि वापरलेल्या कोळशात ते क्रोमियम असतंच, म्हणून तो उकिरड्यावर किंवा झाडाखाली टाकायचा नाही. माझा सगळा कोळसा झाकणाच्या डब्यात भरून, वर क्रोमियम लिहून, घातक कचऱ्याच्या कपाटात दिला.