खासदारांचा उन्हाळा जातो कुठे?

४ एप्रिल २०२५ ला संसदेचं बजेट सेशन संपलं आणि पावसाळी सेशन सुरू झालं ते थेट २१ जुलैला. मधले साडेतीन महिने समित्यांच्या बैठका वगैरे असतात पण सभागृह बंद, आणि आपल्याकडे नेमकं याच दिवसांत लग्नसराई, जत्रा, अवकाळी, टँकर, ॲडमिशनं सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळे "हे खासदार करतात तरी काय?" हे नाशकात उन्हाळ्यातच जास्त ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच की आपण त्यांना जे करायला लावतो तेच ते करतात.

लग्नांचंच घ्या ना. एप्रिल-मे मधल्या दाट तिथीला कुठल्याही पुढाऱ्याच्या पीएकडे पत्रिकांचा गठ्ठा असतो, सकाळी सिन्नरला हळद, दुपारी इगतपुरीला लग्न, संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉन्सवर रिसेप्शन, आणि त्याच्या आधी पहाटे कुणाचा तरी दशक्रिया विधी. यंदा आमच्याच नात्यातल्या एका लग्नात मुहूर्त साडेबाराचा होता, नवरा-नवरी पाटावर उभे, अंतरपाट धरलेला आणि माइकवरचा माणूस सांगतोय की साहेब दोन मिनिटांत पोचताहेत. दोन मिनिटं म्हणजे पाऊण तास. मग साहेब आले (कोण ते जाऊ द्या, खासदार नव्हते), सत्कार झाला, शुभाशीर्वादाचं भाषण झालं, मग मंगलाष्टकं. भटजींचा चेहरा बघण्यासारखा होता. पण गंमत अशी की साहेब आले नसते तर आमच्याच काकांनी पुढची पाच वर्षं "मत मागायला येतात, लग्नाला येत नाहीत" हे ऐकवलं असतं. दशक्रियेला तर अजून कडक हिशोब, कोण आलं आणि कोण नाही आलं हे घरी जाऊन मोजलं जातं.

उरलेला दिवस पत्रांत. मे महिन्यात गावाला जायचं असतं, तिकीट वेटिंगवर, मग इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र. कॅन्सरच्या ऑपरेशनला पंतप्रधान मदत निधीसाठी पत्र, आणि हे मात्र खरंच कामाचं, त्यात हसण्यासारखं काही नाही. पूर्वी केंद्रीय विद्यालयाच्या ॲडमिशनसाठीही रांग असायची, प्रत्येक खासदाराला दहा सीटांची शिफारस करता यायची, ते २०२२ मध्ये बंद झालं. तरी अजून लोक विचारायला जातात.

आणि निधी. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. नाशिक मतदारसंघात सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहरातले तीन असे सहा विधानसभा मतदारसंघ, मतदार साधारण वीस लाख. भागाकार केला तर एका मतदाराच्या वाट्याला वर्षाला २५ रुपये, म्हणजे दोन कटिंग. त्यातही खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून. तरी आपल्याला सभामंडप पण पाहिजे, हायमास्ट पण पाहिजे, पेव्हर ब्लॉक पण पाहिजे आणि वर व्यायामशाळा.

अजून एक घोळ, कोणाचा खासदार कोण हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. जिल्हा एक पण खासदार तीन. नाशिकचे राजाभाऊ वाजे, दिंडोरीचे भास्कर भगरे, आणि मालेगाव-बागलाण हा भाग धुळे मतदारसंघात असल्यामुळे तिथल्या शोभा बच्छाव. तिघेही २०२४ ला निवडून आले, तिघेही विरोधी पक्षातले, आणि त्यामागे कांदा निर्यातबंदीचा राग होता हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, निफाड हा कांद्याचा पट्टा दिंडोरीत. नाशिकचं विमानतळ म्हणतो ते ओझरसुद्धा दिंडोरीत! पण शहरातला माणूस सगळ्याचा जाब वाजेंना विचारणार. शिवाय तुंबलेल्या गटाराचाही, जी महापालिकेची गोष्ट.

आता मुद्द्याचं. विरोधी खासदाराच्या हातात मोठं हत्यार एकच, प्रश्न. एका दिवसासाठी एका खासदाराला जास्तीत जास्त पाच प्रश्नांची नोटीस देता येते, लॉटरी निघते, २० तारांकित म्हणजे ज्यांचं मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं ते, आणि २३० अतारांकित ज्यांचं लेखी उत्तर येतं. नोटीस किमान पंधरा दिवस आधी लागते. म्हणजे २१ जुलैचा प्रश्न जुलैच्या पहिल्याच आठवड्यात गेलेला हवा आणि त्याचा अभ्यास मे-जूनमध्ये झालेला हवा, ऐन लग्नाच्या आणि सत्काराच्या दिवसांत. २०२५ चंच बघा, १ एप्रिलला कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क गेलं, तरी भाव काही वर आला नाही, वरून मे महिन्यात अवकाळीने काढून ठेवलेला उन्हाळ कांदा भिजवला. पंचनामे राज्याचे, पण नाफेडची खरेदी केंद्राची, ती नक्की कुणाकडून झाली, शेतकऱ्याकडून की व्यापाऱ्याकडून, हे खोदून विचारायचं तर आधी कांद्याच्या चाळीवर जाऊन दहा शेतकऱ्यांशी बसावं लागतं.

आणि एवढं करून सभागृह चाललं पाहिजे ना. २०२५ च्या पावसाळी सेशनमध्ये लोकसभेत १२० तास चर्चा ठरली होती, झाली ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, तोंडी उत्तर मिळालं ५५ ना. गोंधळ बिहारच्या मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून, तो मुद्दा मोठा आहेच, विरोधकांनी तो सोडायला हवा होता असं मी म्हणत नाही, पण त्यात ज्यांचे प्रश्न वाहून गेले त्यात आपल्यासारख्या जिल्ह्यांचेही असणार. लेखी उत्तरं मात्र येतात, संसदेच्या साइटवर खासदाराचं नाव टाकलं की सगळी यादी दिसते. बघा एकदा, पत्रिका छापायच्या आधी.

मला विचाराल तर कुंभमेळ्यावर बारीक लक्ष पाहिजे. १ जून २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी आखाड्यांच्या महंतांबरोबर बसून तारखा जाहीर केल्या, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्र्यंबकेश्वर आणि रामकुंड दोन्ही नाशिक मतदारसंघातच. नाशिकरोड स्टेशनवर काय वाढवणार, द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीचं काय, २०२१ च्या बजेटमध्ये २०९२ कोटींची घोषणा झालेल्या मेट्रोचं काय, पुणे रेल्वेची लाइन सिन्नर-संगमनेरवरून जाणार की खोडदच्या रेडिओ दुर्बिणींमुळे शिर्डीकडून वळणार. यातला प्रत्येक प्रश्न दिल्लीत विचारता येतो, आणि परत परत विचारावा लागतो. शिवाय जिल्ह्याची दिशा समिती असते, अध्यक्ष खासदार, केंद्राच्या योजनांचा आढावा घ्यायला दर तीन महिन्यांनी बैठक घ्यायची असा नियम आहे. पुढच्या बैठकीची तारीख कळली तर कमेंटमध्ये टाका, आमच्याकडे त्या दिवशी कुणाचं लग्न नाही.