ब्लॅकी परत का आला?

नववीची सहामाही संपली त्या दुपारी शाळेमागच्या जुन्या कोठीची मंगळुरी कौलं आम्ही सात जणांनी दगड मारून फोडली. राग कुणावरच नव्हता. ही कल्पना वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाची. दोघांनी दगड वेचायचे, एकानं फाटकावर नजर ठेवायची, मी मोजायचं. त्रेचाळीस. इतक्या शिस्तीत आम्ही गॅदरिंगचं कामही कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचे सर वर्गावर आले. रागावले नाहीत. ग्रॅहम ग्रीनची ‘द डिस्ट्रक्टर्स’ ही १९५४ सालची कथा ते मराठीतून सांगू लागले. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली लंडनची एक वस्ती. आजूबाजूचं सगळं पडलंय, लाकडी टेकूंच्या आधारानं एकच घर उभं आहे. सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या रेननं बांधलेलं. त्यात एकटे राहणारे म्हातारे थॉमस. टी. नावाचा मुलगा टोळीत नवा, बाप एके काळचा आर्किटेक्ट. तो सुचवतो, हे घर आतून पोखरून पाडू या. टोळीचा म्होरक्या ब्लॅकी बाजूला पडतो.

सर नोटांपाशी थांबले. गादीत लपवलेले सत्तर पौंड टी. आणि ब्लॅकीला सापडतात. खिशात घालत नाहीत, एकेक नोट जाळतात. थॉमस अवेळी परततात तेव्हा मुलं त्यांना अंगणातल्या संडासात कोंडतात, आणि रात्री थंडी वाजू नये म्हणून ब्लँकेट देतात, लोणी लावलेले पावही देतात. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. ती मुलं दुष्ट असती तर मला बरं वाटलं असतं.

“ब्लॅकी रुसून गेला होता, मग परत का आला?” सरांनी विचारलं. वर्ग गप्प.

पुढे मी बावीस वर्षं कारखान्यात माणसं सांभाळली, तेव्हा ते उत्तर मला सापडलं. टोळीचं नाव होणार आणि आपण त्यात नसणार, हे त्याला सोसवलं नाही. पोरं टी.वर उलटू लागली तेव्हा त्याच्या बाजूनं उभा राहिला तोही ब्लॅकीच. हातातलं काम काय आहे, हे मात्र त्यानं विचारलं नाही. मीही त्या दुपारी विचारलं नव्हतं. माझी मोजणी चुकू नये, एवढीच मला काळजी होती.

तास संपल्यावर मी सरांना आकडा सांगितला. कोणी फोडली, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवारी आम्ही सातही जण शिडी घेऊन कोठीपाशी गेलो. शिपाईमामा खालून एकेक कौल वर देत होते. तो न बोलणारा मुलगा रिपेवर बसून ते नीट अडकवत होता, आधीच्या कौलाच्या खाचेत बरोबर बसेपर्यंत हात सोडत नव्हता. मोजणं पुन्हा माझ्याकडेच होतं.