गळाच्या काठीला रकाना नाही

होळी ते गुढीपाडवा हा आमच्या खान्देशात गळाचा सगळ्यात चांगला काळ. थंडीत सुस्तावलेला रोहू पाणी कोमट झालं की पुन्हा चरायला लागतो, आणि जळगाव-भुसावळचं ऊन अजून अंगावर येण्याइतकं तापलेलं नसतं. नेमका हाच काळ कचेऱ्यांत मार्च एंडचा. चार मित्रांनी धरणाच्या काठावर एक दिवस रीतसर काठ्या टाकून बसायचं, या साध्या कामाची परवानगी काढताना आमचं सगळं घोडं इथेच अडलं. बाकी तयारी आपोआप होते, म्हणून आधी या अडकण्याबद्दल लिहितो.

धरणाची भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काठावरची जमीन कुठे वनखात्याची, तर पाणी उतरल्यावर उघडी पडलेली कुठे गाळपेरीला, म्हणजे त्या गाळात पीक घ्यायला, दिलेली. त्यामुळे एका काठीमागे तीन-चार धनी होतात. संस्था स्वतः पैसे भरून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आणते, सोडते, वर्षभर राखते. ‘धरण सरकारचं, मासा सगळ्यांचा’ असं म्हणून गुपचूप गळ टाकणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. त्या रोहूमागे कुणाचा तरी खर्च असतो.

संस्थेचा माणूस शोधायचा तर गावात चौकशी करत फिरू नका. पहाटे होड्या जिथे लागतात आणि माल काट्यावर चढतो तिथे जा. सचिव, चेअरमन, व्यापारी, सगळे त्या तासाभरात एकाच जागी सापडतात. नऊनंतर तिथे काळं कुत्रं नसतं.

आम्हाला सचिव भेटले तेही असेच, काट्याजवळ. माणूस भला, बोलणं मोजकं. ‘कागद लई या भाऊ, मंग देखू,’ एवढंच म्हणाले. कागद म्हणजे मत्स्य कार्यालयाचं पत्र.

कार्यालयात गेलो तर अर्ज समोर आला तो जाळेवाल्यांचा. नाव, गाव, कोणत्या संस्थेचे सभासद, होडी आहे का, जाळ्याचा प्रकार, जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार. काठी आणि रीळ कुठेच बसत नाही. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, ‘सभासद नाही, जाळं नाही, मग परवाना कशाचा?’ बरं, परवाना नको, नुसतं पत्र द्या म्हटलं. त्यावर उत्तर असं, की एकदा ठेका दिला की मासा संस्थेचा, ते हो म्हणाले तर आमची हरकत नाही. मग हेच दोन ओळींत लिहून द्या, एवढीच आमची विनंती होती. ‘तसं लिहून द्यायची पद्धत नाही.’ साहेबांना भेटावं तर साहेब दौऱ्यावर, नाहीतर बैठकीत, आणि एकतीस मार्चपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नाही. पाटबंधारे उपविभागात गेलो, तर त्यांनी मत्स्य कार्यालयाचं पत्र आणायला सांगितलं. म्हणजे संस्था कार्यालयाकडे बोट दाखवते, कार्यालय संस्थेकडे आणि पाटबंधारे पुन्हा कार्यालयाकडे. तिघांपैकी एकानेही ‘नाही’ म्हटलं नाही, आणि तिघांपैकी एकानेही ‘हो’ लिहिलं नाही. मला अजून राग आहे तो याचाच. सरळ नकार मिळाला असता तर दुसरं धरण पाहिलं असतं.

तिकडे हिमाचलात ट्राउट या माशासाठी मत्स्य खात्याचा अँगलिंगचा, म्हणजे गळाने मासे धरण्याचा, परवाना मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी आणि 1 मार्चपासून मोकळीक, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. ट्राउटला थंड पाणी लागतं, दहा ते अठरा अंशांच्या आसपासचं. आपल्या धरणांत ती जगणार नाही आणि तिची गरजही नाही, पाच किलोचा कटला काठी वाकवायला पुरेसा आहे. पण काठीवाल्यांसाठी वेगळा कागद असू शकतो, एवढं तरी तिथून घ्यावं.

माहितीच्या अधिकारात ठेक्याच्या अटी मागवाव्यात असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. दहा रुपयांचं काम आहे, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर वैशाख उजाडतो. शिवाय उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याचं पाणी, सुटलं होतं, पाणी रोज खाली जात होतं. आवर्तन चालू असताना पाण्याची कड सारखी मागे सरकते आणि मासा उथळ काठ सोडून खोलात जातो, म्हणून ही घाई.

गाठ सुटली ती सचिवांना पुन्हा काट्यावर गाठून ‘तुम्हाला नेमकी भीती कसली?’ असं विचारल्यावर. त्यांनी मोकळेपणी सांगितलं. बाहेरचे लोक धरणावर मासे धरताना दिसले आणि उद्या कुणी तक्रार केली, तर संस्थेने पोटठेका दिला असा ठपका येईल. ठेकाच धोक्यात जाईल. दुसरी भीती अशी की गळवाले मोठा मासा नेऊन बाहेर विकतात. या दोन भीतींना उत्तर देणारा कागद कार्यालयाकडून येण्याची वाट बघायची गरज नव्हती. तो आपणच लिहायचा होता.

मग अर्ज कार्यालयाच्या नावे न करता संस्थेच्या चेअरमन-सचिवांच्या नावे केला. त्यात या गोष्टी स्पष्ट लिहिल्या: तारीख, चौघांची नावं आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, प्रत्येकी एकच काठी, मासेमारी फक्त काठावरून, होडी नाही, जाळं नाही, वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. आणि मुख्य वाक्य हे: ‘पकडलेला मासा संस्थेच्या काट्यावर मोजून संस्थेच्या दराने रक्कम भरूनच नेऊ, विक्री करणार नाही.’ या वाक्याने गळवाला हा संस्थेचा गिऱ्हाईक ठरतो आणि पोटठेक्याचा प्रश्न मिटतो. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून मत्स्य कार्यालय आणि पाटबंधारे उपविभाग अशी दोन नावं. या प्रती आवक-जावक टेबलावर दिल्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. परवानगी द्यायला साहेब लागतात, आवकचा शिक्का मारायला लागत नाहीत. कार्यालयाला सगळं कळवलेलं आहे, याचा तो पुरावा. सचिवांनी शिक्के पाहिले, चेअरमन आप्पांना फोन लावला आणि संस्थेच्या पावतीपुस्तकावर प्रत्येक काठीमागे पावती फाडून दिली. इतकं सोपं होतं हे, आणि तरी तिन्ही ठिकाणांपैकी कुणी आपणहून सांगितलं नाही.

पावतीवर जलाशयाचं नाव, तारीख, काठ्यांची संख्या आणि ‘काठावरून’ हा शब्द आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. संस्थेचा गोल शिक्का हवाच. भिंतीवर, सांडव्यावर, दरवाज्यांजवळ आणि कालव्याच्या मुखाशी कुठल्याही पावतीवर बसू नका. ती जागा संस्थेच्या हातातलीच नाही आणि अचानक विसर्ग सुटला तर जिवावर बेततं. शिरपूरकडच्या अनेर धरणासारखा जो भाग अभयारण्यात येतो, तिथे संस्थेची पावती पुढे करून गळ टाकता येत नाही. तो विचार सोडून द्या. गाळपेरीच्या टरबूज-काकडीच्या वाफ्यांतून जायचं असेल तर त्या शेतकरी दादाला आधी विचारा. वेल तुडवला की पुढच्या वर्षी वाट बंद.

आता प्रत्यक्ष दिवस. पाणी उतरलेल्या धरणात जागा निवडायची ती जुन्या नाल्याच्या तोंडाशी. काठावरून नाल्याची घळ दिसते, तीच पाण्याखाली पुढे गेलेली असते आणि मासा त्या घळीने ये-जा करतो. नुसतं शिसं टाकून, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किती सुटला ते मोजून खोली पाहा. दीड-दोन मीटरवरून एकदम चार मीटरला जिथे उतार लागतो, ती कड धरा. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांपासून लांब राहा. थर्माकोल किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे, त्याच्या शंभर मीटर जवळही गळ टाकू नका. जाळ्यात अडकलेला गळ ओढून काढला की आस फाटतात, आणि ते जाळं विणणाऱ्याची मजुरी जाते.

गाळाची जागा वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते. आत लोण्यासारखा चिखल असतो. पाऊल टाकण्याआधी काठी खुपसून पाहा, आणि मासा काढायला एकट्याने पुढे जाऊ नका.

चारा दोन प्रकारचा. पाण्यात टाकायचा तो असा: शेंगदाण्याची ढेप एक किलो, भाजून भरडलेलं हरभऱ्याचं पीठ अर्धा किलो, तांदळाचा कोंडा पाव किलो, शंभर ग्रॅम गूळ आणि चमचाभर बडीशेपेची पूड. ढेप आदल्या रात्री भिजवा, नाहीतर गोळा पाण्यात फुटत नाही आणि तसाच तळाशी पडून राहतो. संत्र्याएवढे पाच-सहा गोळे एकाच जागी टाकून अर्धा तास थांबायचं, नंतर तासाला एक. जास्त टाकलात तर मासा पोट भरून निघून जातो. गळावरची कणीक वेगळी: दोन भाग गव्हाची कणीक, एक भाग फुटाण्याचं पीठ, घट्ट मळून त्यात सरकी काढलेला कापूस पिंजून मिसळायचा. कापसाचे धागे कणकेला धरून ठेवतात, मग लहान मासोळी टोचून टोचून ती उतरवू शकत नाही. कापूस नसला की दर पाच मिनिटांनी गळ उघडा पडतो. मार्चच्या उन्हात कणीक दोन तासांत आंबते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि निम्मं पीठ कोरडंच न्या.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. कटल्यासाठी तरंगी लावून गळ एक-दीड मीटरवर सोडा, रोहू-मृगळासाठी सरकतं शिसं, पंचवीस ते तीस ग्रॅम. शिसं सरकतं हवं, कारण गाठीने बांधलेल्या शिशाचं वजन लागलं की रोहू कणीक थुंकतो. आठ-नऊ फुटी काठी आणि 0.35 मिलिमीटरचा तंगूस पुरतो. वेणीचा धागा आपल्या काळ्या दगडावर घासून तुटतो, म्हणून काठावरून साधा नायलॉनच बरा. मागच्या वर्षीचा उन्हात पडलेला तंगूस मात्र बदला. बोटाला गुंडाळून झटका दिला तर तो सहज तुटतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घासून तापते आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस किती जोराला सुटावा याची पकड, घरीच लावून घ्या: तंगूस सात किलो पेलणारा असेल तर वजनकाट्याला बांधून ओढताना पावणेदोन किलोच्या आसपास सुटला पाहिजे. रोहू पळतोय तेव्हा रीळ फिरवू नका. ड्रॅग सुटत असताना फिरवलं की दोरीला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीत गुंता होतो. तो थकून वळला की मगच दोन-दोन वेटोळी आत घ्या. काठाजवळ आलेला मासा जाळीने डोक्याकडून उचला, शेपटीकडून गेलात तर तो पुन्हा पळतो.

काठ्या सूर्योदय होताच पाण्यात हव्यात. दहा-साडेदहानंतर चावा थांबतो आणि पाचनंतर पुन्हा सुरू होतो. मधल्या वेळी सावलीच मिळत नाही, म्हणून ताडपत्री, दोरी आणि माणशी किमान चार लीटर पाणी न्यावं. जेवण घरून न्या. भरीत-भाकरी टिकते. काठावर चूल मांडायची तर गवताजवळ नको, वाळलेलं गवत ठिणगीने पेटतं.

पावतीत वजनाची कमाल मर्यादा लिहिली असेल तर ती पाळा. लहान मासे ओल्या हाताने सोडवून परत सोडा, कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि जखमा होतात. मोठ्या माद्या मी सोडतोच, पावसाच्या पहिल्या पुरात त्यांचीच अंडी पडायची असतात.

अंधार पडायच्या आत काट्यावर या. मासा मोजून पैसे भरले की पावतीच्या मागे वजन लिहून सचिवांची सही घ्या. आम्ही तो कागद जपून ठेवला आहे. ठेक्याचं वर्ष जुलै ते जून असतं, त्यामुळे जूननंतर ठेका दुसऱ्या संस्थेकडे गेला, तर जानेवारीतच नव्या सचिवांना गाठून, मागच्या वर्षीच्या सह्या दाखवून, मार्च एंडच्या आधी अर्ज द्यायचा. आवकचे दोन शिक्के असलेली जुनी प्रत सोबत ठेवायची.