सर्व्हर हातात देण्याआधी काय यायला हवं? आमची यादी ठरवताना

नव्या मुलांना प्रोडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या लिनक्स सर्व्हरचा, रूट ॲक्सेस (सगळे अधिकार) देण्याआधी अंतर्गत परीक्षा घ्यायची, असं आमच्या कंपनीत ठरलं आणि तिचा अभ्यासक्रम बांधायचं काम माझ्याकडे आलं.

आधी तयार आराखडे पाहिले. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या (एलपीआय) एलपीआयसी-१ या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यात प्रत्येक घटकाला वजन असतं; वजन ४ असेल तर साधारण चार प्रश्न. ही पद्धत मला फार आवडली. ‘हेही घ्या, तेही घ्या’ म्हणणाऱ्याला लगेच विचारता येतं, मग कमी कशातलं करू?

त्यानंतर टीमला कामांची यादी दिली आणि प्रत्येक कामापुढे दोन आकडे मागितले: हे किती वेळा करावं लागतं, आणि बिघडलं तर नुकसान किती. वाद इथेच पेटला. पहिल्या आकड्याप्रमाणे लावलं की यूजर बनवणं, परमिशन, लॉग वाचणं, सर्व्हिस रीस्टार्ट करणं वर येतं आणि बॅकअपमधून डेटा परत आणणं थेट तळाला जातं. दुसऱ्या आकड्यात मात्र तेच सगळ्यात वर. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की रिस्टोअर, म्हणजे हे डेटा परत आणणं, सीनियरचं काम. त्यात तथ्य होतं, एलपीआयमध्येसुद्धा बॅकअपचा स्वतंत्र घटक एलपीआयसी-२ मध्ये, म्हणजे पुढच्या पातळीवर, येतो. पण आमच्याकडे रात्रपाळीला ज्युनिअर एकटाच असतो. तेव्हा मी अडून बसलो आणि रिस्टोअर यादीत राहिलं. सर्वांत जास्त वजनही त्यालाच मिळालं.

तयार आराखड्यातलं प्रिंटिंग काढलं, आमच्या सर्व्हरना प्रिंटर जोडलेलाच नाही. व्हीआय हा टर्मिनलमधला एडिटर ठेवला, कारण रेस्क्यू मोडमध्ये (बिघडलेलं मशीन दुरुस्त करायच्या मोडमध्ये) दुसरा एडिटर मिळेलच असं नाही. कुबरनेटीसचा (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) आग्रह बराच झाला. पण ज्याला प्रोसेस, पोर्ट आणि डीएनएस हा पायाच नीट कळत नाही त्याच्या हाती ते देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ते पुढच्या पातळीवर ढकललं.

परीक्षेचं स्वरूप रेड हॅटच्या आरएचसीएसए या प्रमाणपत्र परीक्षेवरून घेतलं. तिथे पर्याय निवडायचे नसतात, खऱ्या मशीनवर काम करायचं असतं आणि रीबूटनंतरही ते टिकावं लागतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) चुकीचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) लिहिला तर मशीन बूट पूर्ण न होता इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं. हे पर्यायांवर खुणा करून कसं तपासणार? आम्ही आणखी एक प्रश्न घातला: डिस्कवर जागा दिसतेय, तरी फाइल लिहिता येत नाही. आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी नोंद) संपलेत हे उत्तर सापडलं नाही तरी शोधाच्या क्रमाला गुण ठेवले.

रिस्टोअरच्या प्रश्नात फाइल्स परत आल्या एवढ्यावर गुण नाहीत. त्यांची मालकी आणि परमिशन पूर्वीसारखी हवी, एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेची फाइल्सवरची लेबलं जागेवर हवीत आणि ॲप्लिकेशन चालू व्हायला हवं.