स्टुडिओतल्या जुन्या लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशा बसल्या : माझा अनुभव

जुनी लेन्स हातात आली की बहुतेक जण पुढच्या रिंगवरचं नाव वाचतात आणि लगेच मोबाईलवर किंमत शोधायला बसतात. माझं म्हणणं, आधी लेन्स उलटी करा आणि मागची बाजू बघा. नावावरून कंपनी कळेल, पण ती तुमच्या कॅमेऱ्यावर बसणार का आणि बसली तरी लांबचं फोकस होणार का, हे मागच्या बाजूला ठरतं.

माझ्याकडे ह्या लेन्स आल्या त्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून. काका आमच्या घरच्या ओळखीचे, लग्नं-मुंजी-पासपोर्ट सगळं त्यांनी फिल्मवर काढलेलं, आता गाळा रिकामा करायला काढला होता. मी सहज विचारलं तर म्हणाले, "घेऊन जा की, हितं नुसती धूळ खायलेत. भंगारवाला किलोवर मागायलाय." किलोवर! मी पैसे देतो म्हणालो तर घेईनात, शेवटी त्यांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून द्यायचं ठरलं. एका पत्र्याच्या पेटीत चामड्याच्या केसमधल्या लेन्स, काही नुसत्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. माझ्याकडे सोनीचा ए६००० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, तो पण सेकंडहँड घेतलेला.

पहिलं काम टॉर्चचं. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च मागून लावायचा, लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं पात्यांचं छिद्र) पूर्ण उघडायचं आणि समोरून तिरकं बघायचं. धुळीचे ठिपके दिसतात, ते सोडून द्या, थोड्या धुळीने फोटोला काही होत नाही. बघायचं ते तीन गोष्टींसाठी : कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू असले तर फंगस, सगळीकडे सारखी धुरकट साय असली तर हेझ, आणि कडेला इंद्रधनुषी डाग असले तर दोन काचांमधला गोंद सुटत चाललाय. आपल्याकडे कोकणासारखी दमट हवा नाही हे नशीब, त्यामुळे फंगस कमी, पण चामड्याची केस ओल धरून ठेवते आणि ज्या लेन्स केसमध्ये कपाटात बंद होत्या त्यांच्यातच फंगस निघाला, वर्तमानपत्रातल्या चांगल्या राहिल्या. तेव्हापासून माझ्याकडे एकही लेन्स केसमध्ये नसते.

आता ओळख पटवायची. पहिली लेन्स रशियन. नाव रशियन लिपीत, पहिलं अक्षर डोक्यावर उभ्या केलेल्या इंग्रजी एलसारखं, पुढे ४४-२ आणि २/५८ हे आकडे. म्हणजे हेलिओस ४४-२, फोकल लेंग्थ ५८ एमएम, सगळ्यात मोठं अॅपर्चर एफ/२. ही झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची आणि तिची रचना जर्मन झाइसच्या बायोटारवरून घेतलेली. बाजूला समलंब चौकोनासारखा लोलक आणि त्याच्या आतून जाणारा किरण असा छोटा शिक्का असला तर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. त्या काळातल्या रशियन लेन्सच्या सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात, माझ्या लेन्सचा नंबर ७७ ने सुरू होतो म्हणजे १९७७ ची.

दुसरीवर असाही ऑप्ट. कंपनी, सुपर-ताकुमार ५५ एमएम एफ/१.८. असाही म्हणजे पेंटॅक्सवाले. सुपर-ताकुमारवर साधं कोटिंग (काचेवरचा, परावर्तन कमी करणारा थर), १९७१ पासून त्यांनी मल्टिकोटिंग आणलं आणि नावच सुपर-मल्टि-कोटेड ताकुमार केलं, त्यामुळे नाव वाचूनच कोटिंग कळतं. ह्या दोन्ही लेन्सच्या मागे स्क्रूसारखे आटे, त्याला एम४२ म्हणतात, ४२ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर.

पण ४२ मिलिमीटर म्हणजे एम४२ असं डोळे मिटून धरू नका. पेटीत एक लांबडी बिननावाची टेलिफोटो होती, ती एम४२ च्या अॅडॉप्टरमध्ये (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं कडं) जेमतेम एक फेरा फिरायची आणि अडकायची. ती घेऊन मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राच्या लेथवर गेलो. तो म्हणाला, "काय बे, लेन्सला पण आटे असत्यात का?" त्याने आधी व्हर्नियर लावला, मग थ्रेड गेजची पानं एकेक करून आट्यांवर टेकवत गेला, १ चं पान उजेडात धरलं तर खालून फटी दिसत होत्या, ०.७५ चं पान मात्र गच्च बसलं. म्हणजे ती टी-माउंट. व्यास तोच ४२, पिच ०.७५, आणि त्याचं फ्लॅंजचं अंतर (ते काय ते खाली सांगतो) ५५ मिलिमीटर, म्हणजे बळजबरीने बसवली असती तरी फोकस चुकलंच असतं आणि अॅल्युमिनियमचे आटे गेले असते ते वेगळंच. थ्रेड गेज कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

फ्लॅंजचं अंतर म्हणजे लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर, आणि सगळी गोम इथे आहे. एम४२ चं ४५.४६, जुन्या निकॉनचं ४६.५, कॅननच्या एफडीचं ४२, कॅननच्या ईएफ डीएसएलआरचं (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) ४४, आणि माझ्या सोनी ई-माउंटचं फक्त १८. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मधली जागा पोकळ अॅडॉप्टरने भरायची, झालं. एम४२ ते सोनीला ४५.४६ वजा १८ म्हणजे २७.४६ मिलिमीटरची नळी लागते, आत काच वगैरे काही नाही. उलट लेन्सचं अंतर कमी असेल तर ती सेन्सरच्या पुरेशी जवळ जाऊच शकत नाही आणि लांबचं फोकस होत नाही. म्हणून निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावून सिद्धेश्वर मंदिराचं शिखर तलावाच्या पलीकडून काढायला गेलात तर ते धूसरच येणार, आणि काच असलेले अॅडॉप्टर मिळतात ते घेऊ नका, त्यातली स्वस्त काच चांगल्या लेन्सची धार घालवते. कॅनन डीएसएलआरवर एम४२ चालते, एफडी चालत नाही. मिररलेसवर जवळजवळ सगळं चालतं कारण आत आरसाच नाही, म्हणून हे अंतर कमी.

तिसरी निक्कोर, वर लिहिलंय निक्कोर-एच ऑटो ५० एमएम एफ/२. हे एच अक्षर माझं सगळ्यात आवडतं. निकॉन तेव्हा काचा किती हे अक्षराने सांगायचं, एच म्हणजे ६ काचा, क्यू म्हणजे ४, पी म्हणजे ५, एस म्हणजे ७. लॅटिन-ग्रीक आकड्यांची पहिली अक्षरं आहेत ती. पण ही लेन्स १९७७ च्या एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग, लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्याला कळवायची पद्धत) बदलाआधीची. तसली लेन्स एआयची खिट्टी असलेल्या निकॉन डीएसएलआरवर थेट लावली तर अॅपर्चर रिंगची कड त्या खिट्टीवर बसून ती मोडू शकते. अॅडॉप्टरने मिररलेसवर लावा, काही भीती नाही.

आणि पेटीच्या तळाशी डार्करूममधल्या एनलार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) एल-निक्कोर ५० एमएम एफ/२.८. हिला फोकसची रिंगच नाही, कारण एनलार्जरमध्ये फोकस वर-खाली करून व्हायचं. आटे ३९ मिलिमीटरचे. पेटी भंगारात गेली असती तर पहिली हीच गेली असती, कारण दिसायला बाटलीच्या झाकणाएवढी. पण ३९ चं ४२ करणारी एक बारीक रिंग आणि पुढे-मागे सरकणारी हेलिकॉइड नळी लावली की ती जवळच्या फोटोंना अफलातून आहे. आमच्या मागच्या गल्लीत चादरीचा कारखाना आहे, तिथल्या एका चादरीचा कोपरा मी हिने काढला. चादर अंगावर घेऊन जन्म गेला पण दोन रंगांचे धागे वर-खाली अदलाबदल करून मोर कसा उठवतात, एका बाजूला लाल तर उलट बाजूला तोच मोर पांढरा कसा येतो, हे मला त्या फोटोत पहिल्यांदा नीट दिसलं, धाग्यातून सुटलेली सुताची लव सुद्धा मोजता येते.

आता साफसफाई. ताकुमारची पाती तेलकट होऊन चिकटली होती, मागची पिन दाबली की हळूहळू मिटायची. हेलिओसच्या पात्यांवर पण तेल होतं पण तिचं अॅपर्चर हाताने फिरवायचं, स्प्रिंग नाही, त्यामुळे तेल असलं तरी काम अडत नाही आणि मी तिला हात लावला नाही. उगाच उघडू नये असं माझं ठाम मत आहे. ताकुमार मात्र आमच्या इथल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या मामांकडे दिली. त्यांनी घड्याळं धुवायच्या पेट्रोलने पाती पुसली, परत परत पुसली, कारण पेट्रोल उडालं तरी तेलाचा पापुद्रा राहतो, आणि पात्यांना परत तेल द्यायचं नाही हे त्यांना आधी सांगावं लागलं, घड्याळवाल्याची सवय तेल द्यायची. पिन आता टक्कन वाजते.

ताकुमारची काच पिवळी पण होती, चहा सांडल्यासारखी. ह्या लेन्सच्या काही मॉडेलांच्या काचेत थोरियम आहे, तेव्हा चांगल्या काचेसाठी वापरायचे, आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला घाबरायचं कारण नाही, फक्त ती काच फोडू नका, घासू नका आणि उशाशी घेऊन झोपू नका. पिवळेपणा अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने उतरतो आणि त्यासाठी सोलापूरएवढं चांगलं गाव नाही! मागच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल घट्ट लावून (नाहीतर लेन्सने ऊन गोळा होऊन आग लागते, हे अजिबात विसरू नका) सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर ठेवायची आणि ऊन तापायच्या आत उचलायची, कारण एप्रिलच्या दुपारी आतलं ग्रीस पातळ होऊन परत पात्यांवर येणार. काही आठवड्यांत रंग बराच उतरला.

कॅमेऱ्याचं सेटिंग सोपं आहे पण माहीत नसलं तर माणूस लेन्सला दोष देतो. अॅडॉप्टरमध्ये विजेचे संपर्क नसतात म्हणून कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही आणि शटर पडत नाही. मेनूत लेन्सशिवाय शटर सोडायचा पर्याय असतो तो चालू करायचा. मग पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू करायचं, लाल रंग ठेवा, आणि फोकस मोठं करून बघायचं बटण एका कस्टम बटणावर घ्या, कारण एफ/२ ला नुसत्या पीकिंगवर विसंबून डोळ्याऐवजी भुवई फोकस होते. एक्सपोजर अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) आपोआप येतं. अॅपर्चर किती होतं ते फोटोत नोंदलं जात नाही, पाहिजे असेल तर वहीत लिहा.

हेलिओसला अॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एकीने एफ/५.६ वगैरे ठरवायचं, दुसरी मोकळी फिरते, उघडी ठेवून फोकस करायचं आणि मग आकड्याकडे न बघता अडेपर्यंत फिरवायची. हाताला सवय झाली की फार छान वाटतं. ताकुमारला ऑटो-मॅन्युअलचा खटका आहे, तो मॅन्युअलवर ठेवायचा, नाहीतर पिन न दाबणाऱ्या अॅडॉप्टरवर अॅपर्चर कायम उघडंच राहतं.

हेलिओसच्या फोटोत मागच्या धूसर पानांचा भोवरा झाल्यासारखा दिसतो, त्याबद्दल सगळे बोलतात. तो कडेला असतो, आणि माझ्या छोट्या सेन्सरवर फक्त मधला भाग येतो, ५८ ची चौकट ८७ एमएमएवढी होते, त्यामुळे भोवरा निम्मा-शिम्मा दिसतो. पूर्ण पाहिजे तर फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या. मला पोर्ट्रेटला ८७ आवडली.

खरी परीक्षा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत झाली. संक्रांतीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दी एवढी की हाताने फोकस करत बसायला वेळच नाही. तिथे लेन्सवरची डेप्थची पट्टी कामाला येते, नव्या बऱ्याच लेन्सवर ती नसतेच. एफ/८ ला अंतर लावून ठेवलं की अमुक फुटापासून तमुक फुटापर्यंत सगळं स्पष्ट, फक्त पट्टी फिल्मच्या मापाने काढलेली म्हणून छोट्या सेन्सरवर एक स्टॉप अलीकडचे आकडे धरायचे, म्हणजे एफ/८ वर असाल तर ५.६ च्या खुणा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, पोटाशी पेललेली नंदीध्वजाची ती उंच काठी, सगळं न बघता टिपता आलं. एकच काळजी, साध्या कोटिंगमुळे समोरून ऊन आलं की फोटो पांढरट होतो आणि बाराबंदी तर आधीच पांढरी, म्हणून ४९ एमएमचं रबरी हूड लावा. माझ्या हेलिओस आणि ताकुमार दोन्हीला तेच बसतं.

अॅडॉप्टर हजार-दीड हजारात मिळतो. ऑनलाइन मागवलेला पहिला हलत होता, लेन्स धरून फोकस फिरवलं की आधी अॅडॉप्टरच थोडा वळायचा, तो परत केला आणि दुसरा घट्ट आला. हातात आल्या आल्या हे बघा, आणि मग गच्चीवरून लांबचा टॉवर वगैरे फोकस होतो का ते बघा. टी-माउंटवाल्या टेलिफोटोचा अॅडॉप्टर अजून यायचाय. तोवर काकांच्या निगेटिव्ह त्या एनलार्जर लेन्सने स्कॅन करायला घेतल्यात, पहिल्या डब्यात १९८० च्या आसपासची लग्नं निघालीत आणि धार इतकी आहे की अक्षतांचा दाणा न दाणा दिसतोय.